भांडण सारणाचं नाही, पारीचं

ब्रिटनच्या संसदेकडे कुणीही नागरिक ऑनलाइन अर्ज करू शकतो. काही वर्षांपूर्वी तिथे एक मागणी दाखल झाली. भांड्यात रस्सा ओतून वर नुसतं पिठाचं झाकण ठेवायचं आणि त्याला 'पाई' म्हणायचं, हा फौजदारी गुन्हा ठरवा! हजारो लोकांनी सह्या ठोकल्या. कायदा अर्थातच झाला नाही. पण अर्जदाराचं म्हणणं पाईवाल्यांच्या दुनियेत सर्वमान्य आहे. मेल्टन मोब्रे गावात २००९ पासून ब्रिटिश पाई अवॉर्ड्स ही स्पर्धा भरते, तिचा पहिला नियमच हा आहे की सारण सगळ्या बाजूंनी पारीत बंद हवं. खाली पारी नाही, बाजूला पारी नाही, मग ती पाई कसली?

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये गावागावाची आपली पाई आहे, आणि शेजारच्या गावाची पाई कशी बेकार आहे हे सांगायला प्रत्येक जण तयार असतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात भांडण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. सारण तर सगळीकडे जवळपास तेच असतं: मांस, मीठ, मिरी, बहुतेक ठिकाणी कांदा, कुठे बटाटा. आपल्या मसाल्यांवर वाढलेल्या जिभेला तर पहिल्या घासात फरक कळणं मुश्कील. मला विचाराल तर सगळं नाट्य पारीत आहे. पीठ कसं भिजवलं, भिंत कशी उभी केली, मुरड कुठे घातली, यावर त्या गावात कोण राहत होतं आणि कुठे बसून जेवत होतं ते कळतं. सारणाला त्यामानाने दुय्यम भूमिका आहे.

पोर्क पाईपासून सुरुवात करू, कारण तिची पारी सगळ्यात विलक्षण. लेस्टरशायरमधलं मेल्टन मोब्रे हे तिचं माहेरघर. इथे डुकराची चरबी आणि पाणी एकत्र उकळतात आणि ते खदखदतं मिश्रण मैद्यावर ओततात. मोदकांसाठी उकड काढताना तांदळाच्या पिठाचं जे होतं, साधारण तेच इथे मैद्याचं होतं. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चरबीमुळे ग्लूटेनचे लांब धागे तयार होत नाहीत, आणि गोळा हाताने हवा तसा वळवता येतो. गरम असेपर्यंत तो मऊ असतो; गार झाला की चरबी गोठते आणि पीठ आपल्या पायावर उभं राहतं.

मग डॉली येते. डॉली म्हणजे जाड बाटलीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. कोमट गोळ्याच्या मध्ये तो दाबायचा, तळव्यांनी पीठ त्याच्याभोवती वर वर चढवत न्यायचं आणि ठोकळा हलकेच फिरवत काढून घ्यायचा. हातात उरते पिठाची उभी वाटी. तिच्यात मांसाचा गोळा बसवायचा, झाकण लावायचं, कडेने मुरड घालायची आणि रात्रभर थंड जागी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ही पाई साच्याशिवाय, नुसतीच भट्टीत जाते. त्यामुळे भाजताना भिंती थोड्या खचतात आणि पाईला पोट सुटतं. अस्सल मेल्टनची ओळख म्हणजे हे सुटलेलं पोट. दुकानात सरळसोट, पट्टीने आखल्यासारख्या भिंतींची पोर्क पाई दिसली तर ती साच्यात भाजलेली आहे असं खुशाल समजा.

कापल्यावर दुसरी खूण दिसते. बहुतेक पोर्क पाईंचं सारण गुलाबी असतं, कारण त्यात खारवलेलं मांस वापरतात. मेल्टनची पाई आतून करडी असते. मांस ताजं असतं, खिमा न करता बारीक चिरलेलं, आणि ताजं डुकराचं मांस शिजलं की करडंच होतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते शिळं वाटतं, आणि तसं बोलून दाखवलंत तर मेल्टनकर तुम्हाला लांबलचक ऐकवतील. मांस भाजताना आकसतं, त्यामुळे पारी आणि मांस यांच्यात पोकळी राहते. झाकणाच्या भोकातून तिच्यात हाडांचा गरम रस ओततात. तो गार होऊन जेलीसारखा घट्ट बसतो आणि हवा आत राहत नाही. म्हणून ही पाई टिकते आणि गारच खातात. एकोणिसाव्या शतकात कोल्ह्यांच्या शिकारीसाठी श्रीमंत मंडळी हिवाळाभर या भागात मुक्काम ठोकायची, त्यांचे नोकर पाई खिशात घेऊन फिरायचे. धन्यांनी ती चाखली आणि १८३१ च्या सुमारास एडवर्ड ॲडकॉक नावाच्या बेकरने घोडागाडीने लंडनला पाई पाठवायला सुरुवात केली. तिथून हा धंदा वाढला. नॉटिंगहॅम स्ट्रीटवरचं डिकिन्सन अँड मॉरिस हे १८५१ पासूनचं दुकान आजही चालू आहे. लेस्टरशायरमध्ये नाताळच्या सकाळी न्याहारीला पोर्क पाई खाण्याची रीत आहे, त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी तिथे रांग लागते.

आणि डुकरं इतकी का होती? कारण शेजारी स्टिल्टन चीज बनत होतं. चीज करताना उरणारं पाणी डुकरांना पाजायचं, त्यावर ती पोसली जायची. आता या स्टिल्टनची एक गंमत सांगतो, कारण नावांच्या भांडणाचा सगळा कायदा तिच्यातून समजतो.

युरोपात खाद्यपदार्थांच्या नावांना तीन प्रकारचं संरक्षण मिळतं. सगळ्यात कडक प्रकारात माल त्याच प्रदेशात तयार व्हावा लागतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसऱ्यात निदान एक टप्पा तरी त्या प्रदेशात झाला पाहिजे; कच्चा माल बाहेरून आला तरी चालतो. तिसऱ्याला जागेचं बंधन नाही, फक्त पारंपरिक पद्धत पाळायची. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटनने जवळजवळ हीच व्यवस्था आपल्या नावाने चालू ठेवली आहे. आपल्याकडचं भौगोलिक मानांकन याच कुळातलं; २०१८ मध्ये हापूसला ते मिळालं तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे जिल्हे ठरले आणि कुठपर्यंतचा आंबा हापूस यावर आपणही भरपूर भांडलो.

स्टिल्टन पहिल्या, कडक प्रकारात आहे. डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच काउंट्यांमध्ये ते बनवता येतं. स्टिल्टन हे गाव मात्र केंब्रिजशायरमध्ये आहे! म्हणजे ज्या गावाच्या नावाने चीज विकलं जातं, त्या गावात ते बनवणं बेकायदा. पूर्वी उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते गाव होतं, तिथल्या खाणावळींत चीज विकलं जायचं, म्हणून नाव चिकटलं. नकाशावर रेघ ओढली की असं होतं.

मेल्टनच्या पाईवाल्यांना दुसऱ्या प्रकारातलं संरक्षण हवं होतं. १९९८ मध्ये त्यांनी संघटना काढली. नॉर्दर्न फूड्स ही मोठी कंपनी विरोधात उभी राहिली, कारण तिचे कारखाने विल्टशायर आणि श्रॉपशायरमध्ये होते आणि तिथे 'मेल्टन मोब्रे' नावाच्या पाई धडाधड तयार होत होत्या. २००५ मध्ये लंडनच्या हायकोर्टात कंपनी हरली, मग प्रकरण युरोपच्या कोर्टापर्यंत गेलं, शेवटी कंपनीने माघार घेतली. २००८ मध्ये मान्यता मिळाली. पण जी हद्द ठरली ती गावापुरती नाही, आजूबाजूचा ऐसपैस पट्टा तिच्यात येतो. छोट्या दुकानांच्या नावाने लढलेल्या लढाईचा फायदा त्या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांनाही झाला.

उत्तरेला यॉर्कशायरमध्ये गेलात तर हे सगळं ऐकून लोक नाक मुरडतील. त्यांची पोर्क पाई गरम खातात, बरोबर मऊ शिजवलेला वाटाणा आणि पुदिन्याची आंबट चटणी. प्रेमाने ते तिला 'ग्राउलर' म्हणतात. स्किप्टनमध्ये कालव्याजवळचं स्टॅनफर्थ हे खाटकाचं दुकान यासाठी प्रसिद्ध आहे. रिपंडन गावातल्या ओल्ड ब्रिज इन या पबमध्ये १९८२ पासून पोर्क पाई रसिकांचं मंडळ भरतं. दर शनिवारी संध्याकाळी कुणीतरी पाई आणायच्या आणि बाकीच्यांनी गंभीर चेहऱ्याने गुण द्यायचे.

पण यॉर्कशायरचा खरा पराक्रम डेन्बी डेल या गावाचा. १७८८ मध्ये राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यातून बरा झाला म्हणून या गावाने एक अवाढव्य पाई भाजली. मग सवयच लागली. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या विजयाची. १८४६ मध्ये धान्यावरचे जाचक कर रद्द झाले म्हणून, तेव्हा पाई ठेवलेला मंचच कोसळला आणि गर्दी तिच्यावर तुटून पडली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीची पन्नास वर्षं साजरी करायची होती, म्हणून काम गावाबाहेरच्या नामांकित आचाऱ्याकडे दिलं. समारंभाच्या दिवशी हजारोंच्या समोर पाई कापली आणि असा भपकारा आला की पुढच्या रांगा पांगल्या. मांस आत कुजलं होतं. पाई रानात नेऊन चुना टाकून पुरली. आठवड्याभरात गावातल्या बायकांनी नाक वर ठेवण्यापुरती दुसरी पाई भाजली, तिला 'पुनरुत्थान पाई' असं नाव मिळालं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. त्यानंतरही गाव थांबलं नाही: १९२८ ची पाई इस्पितळासाठी निधी जमवायला होती, आणि शेवटची मोठी पाई २००० मध्ये झाली.

आता नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला. इथल्या पाईला पेस्टी म्हणतात. मेल्टनची पारी उभी राहण्यासाठी, तर पेस्टीची पारी प्रवासासाठी बनली आहे. त्यासाठी पाव करतात तसलं चिवट पीठ घेतात, कारण पारी लाटून अर्धगोल दुमडायची आणि कडेला दोरखंडासारखी घट्ट मुरड घालायची. सारण कच्चंच भरतात: गोमांसाचे तुकडे, बटाट्याचे पातळ काप, कांदा आणि स्वीड, म्हणजे पिवळ्या गराचा मोठा सलगम. मीठ आणि बऱ्यापैकी मिरी. मंद आचेवर भाजताना मांसाचा रस बटाट्यात मुरतो आणि आतली वाफ सारण शिजवते. गाजर घालायचं नाही. कॉर्नवॉलमध्ये गाजराचा विषय काढून बघा.

कथिल आणि तांब्याच्या खाणींमधले कामगार दुपारचं जेवण म्हणून पेस्टी न्यायचे. पारीच्या कोपऱ्यावर नावाची आद्याक्षरं कोरायची, म्हणजे अर्धी खाऊन ठेवलेली पेस्टी दुसऱ्याने पळवायला नको. मुरडीबद्दलची लोकप्रिय कथा अशी: खाणीत आर्सेनिक असायचं, हात विषारी व्हायचे, म्हणून कामगार मुरडीला धरून पेस्टी खायचे आणि मुरड फेकून द्यायचे. गोष्ट झकास आहे, पर्यटकांना सगळीकडे सांगतात. जुन्या छायाचित्रांत मात्र कामगार पेस्टी फडक्यात किंवा कागदात धरून टोकापासून टोकापर्यंत खाताना दिसतात. दिवसभर दगड फोडणारा माणूस पोटात जाणारं पीठ सहजासहजी फेकून देईल, हे मलाही पटत नाही.

शेजारच्या डेव्हनशी कॉर्नवॉलचं हाडवैर, अर्थात हसतखेळत. चहाबरोबरच्या स्कोनवर आधी जॅम लावायचा (कॉर्नवॉल) की आधी साय (डेव्हन), इथपासून सुरुवात आहे. २००६ मध्ये टॉड ग्रे या इतिहासकाराने डेव्हनमधल्या प्लिमथच्या जुन्या हिशेबवह्यांत १५१० च्या सुमाराची पेस्टीची नोंद शोधून काढली. कॉर्नवॉलमधली सगळ्यात जुनी पाककृती १७४६ ची, म्हणजे पेस्टी मुळात डेव्हनची! कॉर्नवॉल खवळलं, वर्तमानपत्रांची चंगळ झाली. खरं तर दोघांच्याही पुढे नॉरफकचा किनारा आहे: मध्ययुगात ग्रेट यारमथ गावाला दरवर्षी हेरिंग माशांच्या चोवीस पेस्टी राजासाठी पाठवाव्या लागत. तेव्हा मांस-मासे पिठात बांधून भाजणं सगळ्या युरोपात चालायचं, आणि कुणी आधी केलं हा वाद सुटणारा नाही.

कायद्याने मात्र निकाल कॉर्नवॉलच्या बाजूने दिला. २००२ मध्ये अर्ज, २०११ मध्ये मान्यता. 'कॉर्निश पेस्टी' म्हणायचं असेल तर ती कॉर्नवॉलमध्ये भरलेली हवी, आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, मुरड कडेला (डोक्यावर मुरड ही डेव्हनची रीत, असं म्हणतात), गोमांस निदान साडेबारा टक्के आणि भाज्या निदान २५ टक्के. साडेबारा टक्के! म्हणजे ज्या पदार्थासाठी एवढं रण माजलं त्यात मांस कमी आणि बटाटा-सलगम जास्त असला तरी कायद्याची हरकत नाही. गोमांस कॉर्नवॉलचंच हवं असंही नाही, आणि पेस्टी भरून झाल्यावर भाजायला दुसरीकडे नेली तरी चालते. मुरड कुठे आहे यावर मात्र तडजोड नाही.

खायची असेल तर हेलमधलं फिलप्स आणि लिझर्डच्या टोकावरचं ॲन्स पेस्टीज ही दोन दुकानं लोक आवर्जून सांगतात. ५ मार्चला कॉर्नवॉलच्या संत पिरनचा दिवस असतो. त्याच्या आसपास ईडन प्रोजेक्ट या कॉर्नवॉलमधल्या काचघरांच्या उद्यानात २०१२ पासून पेस्टीची जागतिक स्पर्धा भरते.

त्याच २०१२ मध्ये पेस्टीने सरकारला घाम फोडला. ब्रिटनमध्ये बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट नाही, पण बांधून नेलेल्या गरम खाण्यावर २० टक्के आहे. मग भट्टीतून नुकतीच निघालेली, काउंटरवर निवत असलेली पेस्टी गरम खाणं आहे की नुसता बेकरीचा माल? तोवर ती सुटत होती. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी अर्थसंकल्पात पळवाट बंद केली: आसपासच्या हवेपेक्षा गरम असेल तर कर. म्हणजे एकाच पेस्टीवर कर लागणार की नाही हे त्या दिवशीच्या हवामानावर ठरणार! बेकरीवाले रस्त्यावर उतरले. पंतप्रधान कॅमेरन यांनी आपण लीड्सच्या स्टेशनवर पेस्टी खाल्ल्याची आठवण सांगितली आणि पत्रकारांनी ते दुकान आधीच बंद झाल्याचं शोधून काढलं. मे महिन्यात सरकारने पाऊल मागे घेतलं. तोडगा असा: आपोआप निवत असलेली पेस्टी करमुक्त, गरम कपाटात ठेवून गरम राखलेली करपात्र.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८६० च्या दशकात तांब्याचे भाव कोसळल्यावर, कॉर्नवॉलचे खाणकामगार जगभर पांगले, आणि पेस्टी त्यांच्याबरोबर गेली. मेक्सिकोत पचुका आणि रेआल देल मोंते इथे तिला 'पास्ते' म्हणतात आणि सारणात मोले हा मिरच्यांचा मेक्सिकन रस्सा किंवा अननससुद्धा असतो. अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर भागात तीवर केचप घालायचं की ग्रेव्ही यावर वेगळं भांडण आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून चालवणारी जॉन टेलर अँड सन्स ही कंपनीही कॉर्निश कामगारच घेऊन आली होती.

वायव्येला विगन. शेजारचे लोक विगनकरांना 'पाईखाऊ' म्हणून चिडवतात. दंतकथा अशी की १९२६ च्या मोठ्या संपात विगनचे खाणकामगार उपासमारीने इतरांआधी कामावर परतले, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारातली मानहानीची पाई त्यांना गिळावी लागली. हे टोपणनाव त्याआधीपासूनच चालत आलं असावं असा माझा अंदाज, कारण गाव खरोखरच पाईखाऊ आहे. टोमणा मारणाऱ्या ली गावालाही 'लॉबी' या रश्श्यावरून असलंच नाव पडलं आहे, म्हणजे फिटंफाट. विगनमध्ये हॅरीज बार इथे १९९२ पासून पाई खाण्याची जागतिक स्पर्धा होते. आधी किती खाल्ल्या हे मोजत, २००६ पासून एक पाई किती वेगात संपते ते मोजतात. शाकाहारी पाईची सोयही त्याच वर्षी झाली, त्यावरून जुनी मंडळी कुरकुरली.

विगनमधली खास गोष्ट मात्र दुकानात मिळते. मांस-बटाट्याची गरम पाई, लोणी लावलेल्या गोल मऊ बनमध्ये आख्खी दाबून, वाटल्यास वर सॉस. नाव 'विगन कबाब'. पिठात पीठ, बटाटा तर आहेच. पहिल्यांदा ऐकून हसू येतं, पण इथली पारी ठिसूळ असते, चालता चालता खाल्ली तर तुकडे अंगावर पडतात. बन त्या तुकड्यांना धरून ठेवतो. गॅलोवेज या स्थानिक बेकरीच्या शाखा गावभर आहेत.

स्कॉटलंडमध्ये पाई म्हणजे फुटबॉलच्या मध्यंतरातली. मूळ सारण मटणाच्या खिम्याचं, जायफळ-मिरी घातलेलं. पारी मेल्टनसारखीच गरम पाण्याची, पण झाकण काठापेक्षा बोटभर खाली बसवतात. वर जी खोलगट जागा राहते तिच्यात ग्रेव्ही किंवा उकडलेले बीन्स घालतात. भर थंडीत, उभ्याने, एका हातात पाई आणि दुसऱ्यात बोव्हरिलचा, म्हणजे गोमांसाच्या अर्काच्या गरम पेयाचा, पेला धरून खाता यावी म्हणून ही रचना. किलमारनॉक क्लबच्या मैदानावरची पाई इतकी नावाजली की २०१६-१७ च्या सुमारास क्लब आणि ती बनवणारी गावातलीच बेकरी यांच्यात 'किली पाई' या नावाच्या ट्रेडमार्कवरून जुंपली. बेकरीने आपल्या पाईला 'किलमारनॉक पाई' म्हणायला सुरुवात केली.

फॉरफर गावात पाई नाही, ब्रिडी. घोड्याच्या नालेच्या आकाराची, आत गोमांस. बटाटा घालणं म्हणजे पाप. वरती एक भोक असेल तर साधी, दोन असतील तर कांद्याची. गावात मॅक्लॅरन आणि सॅडलर्स अशी दोन जुनी दुकानं आहेत, आणि तुम्ही कुठून घेतली यावर गावकऱ्यांचं तुमच्याबद्दलचं मत बनतं.

लंडनची पाई मला स्वतःला फारशी आवडत नाही, पण दुकानं बघावीत अशी असतात: पांढऱ्या-हिरव्या टाइल्स, संगमरवरी टेबलं, लाकडी बाकं. टॉवर ब्रिज रोडवरचं एम. मान्झे १९०२ पासून चालू आहे. खिम्याची पाई, कुस्करलेला बटाटा आणि वर 'लिकर', म्हणजे हिरवट पार्सली सॉस, ज्यात दारूचा थेंबही नसतो. पूर्वी तो ईल मासे उकडलेल्या पाण्यात करत. लोक चमचा आणि काट्याने खातात, सुरी वापरत नाहीत. पूर्व लंडनमधली जुनी कुटुंबं एसेक्सकडे सरकली आणि दुकानंही त्यांच्यामागे गेली. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये संसदेत या जेवणाला संरक्षण देण्याची चर्चा झाली तेव्हा मागणी तिसऱ्या प्रकारची होती: जागा कुठलीही असो, पद्धत पाळा.

तिकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या आपल्या मंडळींसाठी थोडं व्यावहारिक. पेस्टी, ब्रिडी, लंडनची पाई यांत गोमांस असतं, मेल्टनमध्ये डुकराचं. दोन्ही चालत नसतील तर स्कॉटलंडची मटणाची पाई, म्हणजे स्कॉच पाई, पण आजकाल बरेच जण तिच्यात मटणाऐवजी गोमांस घालतात, तेव्हा सारणाबद्दल आणि पारीतल्या चरबीबद्दलही विचारा. शाकाहारी लोकांनी लँकशायर गाठावं. तिथे चीज-कांद्याची पाई कुठल्याही बेकरीत मिळते, आणि प्रेस्टनच्या बाजूला बटाटा, कांदा आणि लोण्याची 'बटर पाई', जी शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक कुटुंबांनी रुजवली. मात्र सारण शाकाहारी म्हणून पारी शाकाहारी असेलच असं नाही; जुन्या दुकानांत मैदा अजूनही डुकराच्या चरबीत भिजवतात. दुकानदाराला "पारीत चरबी कसली?" हे विचारायला लाजू नका, त्यावर तो तुम्हाला पंधरा मिनिटं आनंदाने सांगत बसेल.